फाटक्या आवाजाची कैफियत

आपल्याकडे आवाज फाटणे हा दोष समजला जातो, आणि तसे समजायला कारणही आहे. गणेशोत्सवात मंडपातल्या कर्ण्याचा आवाज फाटला की मंडळाचा एखादा जाणता कार्यकर्ता धावत जाऊन बटण खाली करतो. जुन्या रेडिओचा आवाज फाटला की दुरुस्तीवाला आधी स्पीकरचा कागद तपासतो. गवयाचा आवाज तारसप्तकात फाटला तर श्रोते एकमेकांकडे पाहतात. अशा कानांच्या घरात मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन येतो, डिस्टॉर्शनचे पेडल दाबतो, आणि मोठ्यांचा पहिला प्रश्न असतो, "मशीन बिघडलंय काय रे?" प्रश्न भाबडा वाटतो, पण इतिहासाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. हा आवाज खरोखरच बिघडलेल्या मशीनमधून जन्माला आला.

ही कैफियत मात्र केवळ मोठ्यांपुढे मांडायची नाही. तिचा रोख आमच्याच पिढीकडे जास्त आहे. आमच्यातले वाजवणारे मित्र म्हणतात, "स्टुडिओ परवडत नाही, मोठा अ‍ॅम्प्लिफायर नाही, खोलीला साउंडप्रूफिंग नाही, मग रेकॉर्डिंग करणार कसे?" आणि असे म्हणून ते काहीच नोंदवत नाहीत. दरवर्षी स्नेहसंमेलनात एखादा बँड उभा राहतो. दोन गाणी दुसऱ्यांची वाजवली की तिसरे स्वतःचे असते. कधी ते मराठीत असते, कधी कन्नडमध्ये, तर कधी कडवे एका भाषेत आणि धृपद दुसऱ्या. टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी ड्रम वाजवणारा पुण्याला जातो, गाणारी बंगळूरला, गिटारवाला नोकरीच्या परीक्षेला बसतो. आणि ते गाणे कुठेच उरत नाही. उरते ते एखाद्याच्या फोनमधले दीड मिनिटाचे चित्रण, ज्यात शिट्ट्या जास्त आणि गाणे कमी. माझे म्हणणे एवढेच, की हे नुकसान साधनांच्या अभावामुळे होत नाही. साधनांची वाट पाहत बसल्यामुळे होते. आणि या एका वाद्याच्या बाबतीत तर वाट पाहण्याला मुळीच आधार नाही; कारण फाटलेल्या गिटारचा सगळा इतिहास हाच अपुऱ्या आणि मोडक्या साधनांचा इतिहास आहे.

तो थोडक्यात पाहू. १९५१ साली अमेरिकेत मेंफिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणे नोंदवले गेले. गिटार वाजवणाऱ्या विली किझार्टचा अ‍ॅम्प वाटेत खराब झाला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता, तेव्हा आत कागद कोंबून तो तसाच चालवला आणि फाटलेला आवाज तबकडीवर गेला. १९५८ साली लिंक रे याने 'रंबल' या नुसत्या वाद्याच्या तुकड्यासाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. त्यात एक शब्दही गायलेला नव्हता, तरी काही रेडिओ केंद्रांनी ती तबकडी वाजवायला नकार दिला. नॅशव्हिलमध्ये नोंदवलेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिनचे वादन मिक्सरच्या एका नादुरुस्त चॅनलमधून गेले आणि घरघरत बाहेर आले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो दोष पुसून टाकण्याऐवजी नीट अभ्यासला. त्यातून निघालेले 'फझ-टोन' पेडल गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये बाजारात आणले. म्हणजे आज दुकानात काचेच्या कपाटात मांडलेली डिस्टॉर्शनची पेडले ही एका बिघडलेल्या मिक्सरची वंशावळ आहे.

पुढे १९६४ साली लंडनमधल्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोराने आपल्या स्वस्तातल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद दाढीच्या ब्लेडने चिरला. द किंक्सचे 'यू रिअली गॉट मी' हे त्या चिरलेल्या कागदाचे गाणे. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'साठी कीथ रिचर्ड्सने फझ-टोनमधून जी ओळ वाजवली ती त्याच्या मते कच्चा खर्डा होती. त्या जागी पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोन वाजवायचे त्याच्या मनात होते. खर्डाच प्रसिद्ध झाला आणि जगाने तोच लक्षात ठेवला. १९६८ साली बीटल्सने 'रिव्होल्यूशन'च्या वेळी तर अ‍ॅम्प बाजूलाच ठेवला. गिटारची वायर थेट स्टुडिओच्या मिक्सरमध्ये खुपसली आणि मिक्सरलाच इतके कोंडले की तो करवादू लागला. १९७० साली 'लेला'च्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्यापुढे फेंडर कंपनीचे 'चँप' नावाचे, शिकाऊ मुलांसाठी विकले जाणारे जेमतेम पाचएक वॅटचे अ‍ॅम्प होते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जो आवाज ऐकून आपण "यामागे केवढा मोठा स्टुडिओ असेल!" म्हणतो, त्याच्या मुळाशी एक लहान, स्वस्त किंवा मोडके यंत्र आहे, आणि ते यंत्र कान देऊन ऐकणारा एक माणूस आहे. लहान खोका आणि शहाणा कान, इतकीच ती पुंजी.

कुणी म्हणेल, ही गोष्ट स्टुडिओतल्या लोकांची झाली. घरच्या घरी हे कोणी केले आहे? केले आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्याचे नाव लक्षात ठेवावे. टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला यंत्र-अभियंता. दिवसा तो कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीत नोकरी करी आणि रात्री घराच्या तळघरात स्वतःची गाणी नोंदवी. एकेका गिटारवर पुन्हा पुन्हा वाजवून, थर चढवत त्याची काही वर्षे गेली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'बॉस्टन' या त्याच्या बँडच्या पहिल्या तबकडीचा बहुतेक भाग त्या तळघरात तयार झाला, आणि एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी ७० लाख प्रती खपल्याची नोंद आहे. अर्थात शोल्झचे टेपरेकॉर्डर काही फुकट आले नव्हते. पगारातला मोठा वाटा तिकडे जाई. परंतु त्याने ज्या १२ ट्रॅकच्या यंत्रासाठी पगार ओतला, त्याहून जास्त ट्रॅक आज कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारखा फुकट प्रोग्राम देतो. आपल्याला जे कमी पडते ते त्याच्या रात्री आणि त्याचा धीर.

आता आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते ते समजून घ्यायला हवे, नाहीतर घरातले रेकॉर्डिंग हे अंधारात दगड मारणे होईल. गिटारच्या तारेतून येणारी लहर वर-खाली होणारी, गोलसर असते. अ‍ॅम्पला झेपेल त्याहून ती मोठी केली की तिचे शेंडे कापले जातात, जणू डोंगराचा माथा सपाट व्हावा. सपाट झालेल्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनसंख्येचे नवे स्वर मिसळतात. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला हे परके वाटणार नाही. घोडीवर तार टेकते तिथे दोरा सरकवून तो मूळ स्वरावर वरच्या स्वयंभू स्वरांचा झणत्कार चढवतो. कारण वेगळे आहे. जवारीत तार घोडीला घासते, इथे वीज कापली जाते. फळ मात्र एकाच जातीचे, साध्या स्वरावर अनेक स्वरांची साय. बेळगावहून रेल्वेने मिरजेला उतरावे तर तिथे पिढ्यान्पिढ्या तंबोरे घडवणारी घरे आहेत. ज्या मुलखात जवारीसाठी कान इतके तयार आहेत, त्या मुलखाने फाटलेल्या गिटारला केवळ गोंगाट म्हणून हाकलून द्यावे, हे मला पटत नाही.

साम्य इथेच संपत नाही. फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी यांचेही स्वर तयार होतात. रॉक वाजवणारे ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो निव्वळ षड्ज आणि पंचम. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला असते, तिचा पंचम सुमारे १२३ ला. वजाबाकी ४१, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला षड्ज! वाजवले दोन स्वर, आणि पायाखाली तिसरा आपोआप उभा राहिला. म्हणूनच हा कॉर्ड छातीवर आदळतो. आता त्यात गांधार मिसळा. गिटारचे पडदे समान भागांनी पाडलेले असतात, त्यामुळे तिथला गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. स्वच्छ आवाजात ते खपून जाते. फाटलेल्या आवाजात बेरजा-वजाबाक्या बेसूर होतात आणि चिखल होतो. तेव्हा प्रत्येक टेकच्या आधी गिटार सुरात लावणे ही पहिली आणि संपूर्ण फुकट सुधारणा. षड्ज-पंचमाला मराठी की कन्नड असे कोणी विचारत नाही. म्हणून हे आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांनाही तितकेच लागू आहे.

मग घरी करायचे काय? मला दोन रस्ते दिसतात.

पहिला रस्ता अ‍ॅम्प आणि मायक्रोफोनचा. लहान अ‍ॅम्प पुरतो, हे वर आलेच. शिवाय हिशेब पाहा. गिटारचे बहुतेक स्पीकर एका वॅटलाच एक मीटरवर ९५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज देतात. वॅट दहापट केले तर डेसिबल दहाने वाढतात आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे १० वॅटच्या खोक्याच्या जागी १०० वॅटचे धूड आणले तर आवाज दहापट होत नाही. खर्च आणि शेजाऱ्यांचा संताप मात्र तितका होऊ शकतो. वस्तीतली मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. पलीकडच्या घरात कोणी पीयूसीच्या परीक्षेला बसलेले असेल तर नियमापेक्षा माणुसकी आधी येते. दुपारी वाजवा, सांगून वाजवा, हळू वाजवा.

मायक्रोफोन कोणता? जगभर गिटारच्या अ‍ॅम्पपुढे जो दिसतो तो शुअर कंपनीचा एसएम ५७, १९६५ पासून बाजारात असलेला साधा डायनॅमिक मायक्रोफोन. तो मिळाला तर उत्तम. नाहीतर भजनी मंडळाचा किंवा सभागृहातला भाषणाचा डायनॅमिक मायक्रोफोन मागून आणा, त्याच कुळातला आहे. महत्त्व मायक्रोफोनच्या किमतीपेक्षा जागेला आहे. स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज टोकदार आणि कर्कश येतो. दोन बोटे कडेकडे सरकवला की मऊ होतो. कापडाला चिकटवला तर खर्ज फुगतो. वीतभर मागे घेतला की उतरतो. अ‍ॅम्प जमिनीवर, कोपऱ्यात ठेवला तर खोली त्याचा खर्ज आणखी वाढवते. खुर्चीवर, भिंतीपासून दूर ठेवा. मागे दोरीवर गाद्या, वाकळी टांगा, कपड्यांचे कपाट उघडे ठेवा. आजीने शिवलेली वाकळ आवाजाचा कर्कश भाग चांगला शोषते. खर्जावर तिचे काही चालत नाही, हेही लक्षात असू द्या. एकाने वाजवावे, दुसऱ्याने कानाला हेडफोन लावून मायक्रोफोन बोटाबोटाने सरकवावा. या अर्ध्या तासात जेवढा फरक पडतो तेवढा महागडे पेडल घेऊनही पडत नाही.

दुसरा रस्ता अ‍ॅम्पशिवायचा, म्हणजे बीटल्सच्या मिक्सरचा वारसा. गिटार ऑडिओ इंटरफेस नावाच्या डबीत लावायची आणि अ‍ॅम्पचे काम संगणकातल्या प्रोग्रामकडे द्यायचे. असे प्रोग्राम आज फुकटही मिळतात. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डबीवर वाद्यासाठीचे वेगळे इनपुट असते, वायर त्यातच लावावी; मायक्रोफोनच्या इनपुटात गिटार लावली तर तिची धार मरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही वाजवतच नाही. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो तो या गाळणीतून आलेला असतो. पेडलचा आवाज गाळणीवाचून सरळ संगणकात घेतला की तो कढईत मोहरी तडतडल्यासारखा येतो, आणि मुलगा म्हणतो, "घरी नाहीच होत." होते, फक्त स्पीकरची नक्कल करणारा भाग चालू करायचा, आणि तोही नसेल तर इक्वलायझरने वरचा भाग स्वतः कापायचा.

कोणताही रस्ता घ्या, पुढच्या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत.

एक, गेन कमी ठेवा. खोलीत एकट्याने वाजवताना जेवढे फाटणे आवडते त्याच्या निम्म्यावर या. जास्त गेनमध्ये तारेवरचा आघातच चिरडला जातो आणि ताल हरवतो. नोंदवल्यावर जे दणकट वाटते ते बहुधा हाताच्या आघाताने दणकट झालेले असते.

दोन, फाटणे अ‍ॅम्पमध्ये होऊ द्या, संगणकात नको. नोंदीची पातळी शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली असू द्या. अ‍ॅम्पचे फाटणे हा वाद्याचा भाग आहे. संगणकात शून्याच्या वर गेलेला भाग मात्र सरळ तुटून पडतो, आणि तुटलेले पुन्हा जोडता येत नाही. स्नेहसंमेलनातली फोनची चित्रणे एवढी वाईट का वाटतात त्याचे एक कारण हेच. त्यात फोन स्वतःच आवाज वर-खाली करत बसतो. घरात, कमी आवाजावर, खोक्यापासून हातभर दूर ठेवलेला तोच फोन बराच प्रामाणिक वागतो.

तीन, प्रत्येक भाग दोनदा वाजवा. एक नोंद डावीकडे, दुसरी उजवीकडे. मोठ्या तबकड्यांवरची गिटारची भिंत मुख्यतः अशी उभी राहते. एकच नोंद नक्कल करून दोन्हीकडे ठेवली तर काही साधत नाही, ती मध्येच राहते आणि फक्त मोठी होते. दोन वेळच्या वाजवण्यातला केसाएवढा फरकच कानाला रुंदी देतो. अर्थात त्यासाठी दोन्ही वेळा नीट वाजवता यावे लागते, आणि इथे रियाजाला पर्याय नाही.

चार, गिटार एकटी ऐकून निर्णय घेऊ नका. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की एकटी गिटार बारीक वाटते. पण बेस गिटार आणि ड्रम आल्यावर तीच जागेवर बसते. खर्ज बेसवाल्याचा आहे, त्याच्या ताटातले काढून घेऊ नये.

आता एक गोष्ट गांभीर्याने. फाटलेल्या आवाजात मूळ स्वराबरोबर विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही मोठी होते. ती घालवण्यासाठी काही जण तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन मोडून टाकतात. असे कधीही करू नये. गिटारच्या तारा धातूच्या, त्या अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या, आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात त्यांच्यावर. आत एखादी वायर सुटली तर अर्थिंग हाच त्याचा जीव वाचवणारा रस्ता. व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये तर आत काहीशे व्होल्ट असतात, बटण बंद केल्यावरही काही काळ राहतात. तो घरी उघडूच नये. गुणगुणीवर इतर उपाय आहेत. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावा, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला गुणगुण सर्वांत कमी होते, तिथे स्टूल मांडा. घरातले अर्थिंग धड आहे की नाही हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

या मताविरुद्ध दोन आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की घरी सगळेच होत नाही. मान्य. ड्रम घरी नोंदवणे अवघड, चांगल्या गायिकेला चांगली खोली लागते, आणि लहान खोलीत खर्जाचा अंदाज हमखास चुकतो. जिथे स्टुडिओ लागतो तिथे तो लागतोच. वर्गणी काढून एक दिवस घ्यावा. पण गिटारचे सगळे थर घरून तयार करून नेले तर तो एक दिवस ड्रम आणि गाण्याला पुरतो. तासावर पैसे मोजत मायक्रोफोनची जागा शोधण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "असे कच्चे काम नोंदवून ठेवायचे कशाला? चांगले होईल तेव्हा करू." याला मी एका उदाहरणाने उत्तर देतो. १९७० च्या सुमारास आपल्या देशात सिमला या सिगारेटच्या नावाने बँडच्या स्पर्धा होत आणि त्यांतल्या निवडक बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या तबकड्या निघाल्या. ती मुले आमच्याच वयाची होती. वादन कुठे कच्चे, गिटार मात्र झकास फाटलेली. आज जगातले संग्राहक त्या तबकड्या शोधत फिरतात, आणि भारतात त्या काळी असेही काही वाजत होते हे आपल्याला मुख्यतः त्या दोन तबकड्यांमुळे ऐकायला मिळते. त्याच काळात ज्या मुलांचे काही नोंदवलेच गेले नाही, ती कदाचित त्यांच्याहूनही चांगली वाजवत असतील. पण 'कदाचित' या शब्दाला चाल नसते आणि तो वाजवून दाखवता येत नाही.

बेळगावसारख्या गावाला हे जास्तच लागू होते. मुंबई, पुणे, बंगळूर इथल्या गाण्यांची नोंद तिथली माणसे ठेवतील. या गावातल्या एका खोलीत दोन भाषांत भांडत, हसत बनलेल्या गाण्याची नोंद दुसरे कोणी येऊन ठेवणार नाही. हे मासिक दरवर्षी आमच्या कविता आणि कथा छापते, त्या काही सगळ्याच पक्क्या नसतात. तरी छापते, म्हणून वीस वर्षांपूर्वीचा अंक ग्रंथालयात काढून पाहता येतो. गाण्यालाही तेवढा हक्क असावा. माझी सूचना अशी की सांस्कृतिक मंडळाने दरवर्षी विद्यार्थ्यांनी घरी नोंदवलेली, स्वतः रचलेली गाणी मागवावीत आणि त्यांचा संग्रह ग्रंथालयात ठेवावा. मराठी विभाग आणि कन्नड विभाग असे दोन कप्पे त्यासाठी करायची गरज नाही, एकच पुरे. सोबत एका कागदावर लिहावे, कोण वाजवले, कोणत्या खोक्यावर, मायक्रोफोन कुठे होता. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेवढाच एक धडा तयार मिळेल.

आणि घरातल्या मोठ्यांनी विचारले, "मशीन बिघडलंय काय?" तर चिडू नये. त्यांना जवळ बसवावे, एका कानाला हेडफोन लावून द्यावा, आणि पेडल बंद असतानाचा व चालू असतानाचा षड्ज-पंचम ऐकवावा. खालचा तिसरा षड्ज त्यांना आपल्याआधी ऐकू येईल अशी दाट शक्यता आहे. तंबोऱ्याखाली बसून तयार झालेले कान आहेत ते. मग परवानगी मागावी ती फक्त दुपारच्या दोन तासांची, आणि एका जुन्या वाकळेची.